खुर्च्या चारच होत्या

संकलनाच्या खोलीत ती खरं तर पाच मिनिटांसाठी गेली होती. दिग्दर्शकाचा फोन आला होता, ताई, एक गंमत दाखवायचीय, येऊन जा. आणि तिच्या वयात कुणी गंमत दाखवतो म्हटलं की आधी गुडघे कुरकुरतात, तरी ती दोन मजले चढून गेली. पडदे ओढलेले, कोपऱ्यात पंखा, संकलकाच्या टेबलावर अर्धवट सोललेलं संत्रं. समोर त्यांच्याच चित्रपटातली लॉजची जेवणाची खोली दिसत होती. धरणाकाठचं एक लहानसं गाव, तिथला पाणीपुरवठ्याचा अधिकारी एके दिवशी नाहीसा झालेला, त्याला शोधत आलेली त्याची मुलगी आणि तो जिथे राहायचा त्या लॉजची मालकीण. दोघी लांबलचक टेबलाशी बसल्या होत्या. मुलगी विचारते, बाबा कुठे बसायचे? मालकीण उत्तर देत नाही, टेबलाच्या रिकाम्या बाजूकडे नुसती बघते. मग मुलीचा चेहरा. मग पुन्हा सगळं टेबल, आणि त्या रिकाम्या बाजूला एक खुर्ची. मघाशी नव्हती. कुणी आणली नाही, कुणी सरकवली नाही, नुसती आहे. दिग्दर्शकाने तिच्याकडे वळून पाहिलं. तिशीचा मुलगा, पण त्या क्षणी शाळेतून चित्र घेऊन आल्यासारखा दिसत होता. "आम्ही चार महिने या सिनेमात भूत शोधतोय," तो म्हणाला, "आणि तुम्ही ते गुपचूप मांडून ठेवलं होतंत, ताई."

तिने काहीही मांडून ठेवलं नव्हतं. ती त्या चित्रपटाची कंटिन्युइटी बघत होती, आणि कंटिन्युइटी बघणाऱ्या माणसाच्या हयातीत घडू नये अशी जी एकच गोष्ट असते ती आत्ता तिच्यासमोर घडून पुढे सरकली होती. चित्रपट कधीच सलग काढत नाहीत. दारातून बाहेर पडणारा माणूस सोमवारी काढतात, आणि त्याच माणसाचं पाऊल पलीकडच्या अंगणात पडतं ते पुढल्या महिन्यात. मधल्या काळात त्याचं वरचं बटण लागलेलं होतं की उघडं, ग्लासात पाणी किती होतं, पिशवी कोणत्या हातात होती, हे ज्याच्या ध्यानात राहतं ते माणूस म्हणजे ती. एकतीस वर्षं. हातात कायम वही, म्हणून वहीताई. एका नटाने एकदा भर सेटवर पैज लावली होती की काल घड्याळ त्याच्या उजव्या मनगटावर होतं. ती म्हणाली डाव्या, आणि पट्टा नेहमीपेक्षा एक भोक सैल होता. फिल्म धुऊन येईपर्यंत दोन दिवस सेटवर दुसरा विषय नव्हता. डावं मनगट निघालं, आणि पट्टाही सैल निघाला. त्या दिवसापासून तिच्याशी वाद घालण्याची पद्धतच बंद पडली. कॅमेरामन म्हणायचे, आपले डोळे फितूर होतील, वहीताईची वही होणार नाही. ती हसून सोडून द्यायची, पण रात्री झोपताना ते वाक्य अंगावर ओढून घ्यायला बरं वाटायचं, हेही खरं.

दिग्दर्शक बोलतच होता. आता शेवट बदलायचा, खुर्ची आणखी तीन प्रसंगांत आणायची, चार दिवसांचं चित्रीकरण वाढवून घेतलंय, पुन्हा त्याच गावी जायचं. आणि पुढचा चित्रपट, तीन काळांत चालणारा, एकशे दहा प्रसंगांचा, तुमच्याशिवाय करायचा नाही हे मी ठरवलंय. त्याचा फोन वाजला आणि तो बाहेर गेला. संकलक इतका वेळ पाठ करून बसला होता. पंचवीस वर्षांची ओळख. या धंद्यात तिला ताई न म्हणणारा हा एकटाच. त्याने संत्र्याची एक फोड तिच्यापुढे धरली.

"चूक आहे ना?" तो म्हणाला.

तिने फोड हातात धरून ठेवली. त्याने पहिल्याच दिवशी पाहिलं होतं, तो तिला फोन करणारच होता, तेवढ्यात हा दिग्दर्शक आला आणि खोलीभर नाचायला लागला. आंधळा मागतो एक डोळा, संकलक म्हणाला, आणि याला तर दोन मिळाले. मग त्याने आवाज उतरवून सांगितलं की गप्प बस, पदरी पडलं पवित्र झालं म्हण, अशी चूक आम्हाला आयुष्यात एकदा तरी व्हावी. तो चांगल्या मनाने सांगत होता. तिला त्याचा रागही आला नाही, तिला फक्त दमल्यासारखं झालं, जिने चढून झालेलं नव्हे, दुसरंच काहीतरी, गुडघ्यांच्याही खालून वर येणारं.

घरी आल्यावर तिने चप्पल काढून नेहमीच्या जागी ठेवली, ती नेहमीच्याच जागी आहे ना हे पुन्हा वळून पाहिलं, आणि स्वतःवरच चिडली. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. नवरा सोडून गेला त्याला वीस वर्षं झाली, तेव्हापासून या घरात कुठलीही वस्तू तिच्या नकळत हललेली नाही. कपाटातून तिने या चित्रपटाच्या वह्या काढल्या. तो जेवणाच्या खोलीतला प्रसंग दोन तुकड्यांत काढला होता. पहिल्या दिवशी अर्धा झाला आणि मुलीचं काम करणारी नटी तापाने आडवी झाली, उरलेला अर्धा नऊ दिवसांनी. मधल्या काळात त्याच खोलीत दुसरा प्रसंग झाला, टेबल-खुर्च्या उचलून बाहेर नेल्या आणि परत आणून मांडल्या. म्हणजे चूक व्हायला जागा होती, अशी तिने मनाची समजूत घातली आणि पान उघडलं. खुर्च्या चार, खिडकीकडची बाजू मोकळी. तिचं अक्षर. नऊ दिवसांनंतरचं पान. खुर्च्या पाच, पहिल्या दिवसाप्रमाणे. तेही तिचंच अक्षर, तोच तिरपेपणा, आणि 'पहिल्या दिवसाप्रमाणे'खाली रेघ. तिने फोनमधला पहिल्या दिवशीचा फोटो उघडला आणि पहिलीतल्या मुलीसारखं बोट टेकवत खुर्च्या मोजल्या. चार. पुन्हा मोजल्या. फोन टेबलावर पालथा ठेवला आणि डोळे मिटून ती खोली आठवली: पॉलिशचा वास, खिडकीच्या गजांची टेबलावर पडलेली सावली, दाराशी उभं राहून खोकणारा सेटिंगवाला. सगळं लख्ख होतं. आणि खुर्च्या पाच होत्या. फोटो हाताशी असताना, नुकतंच मोजलेलं असताना, तिच्या डोळ्यांपुढे दोन्ही दिवशी पाचच होत्या.

चूक असती तर तिला एवढं वाटलं नसतं. चूक म्हणजे लक्ष दुसरीकडे असणं, पोटात कळ येणं, चहा गार झाल्याची चुटपुट. इथे तिचं पुरतं लक्ष होतं. ती पाचवी खुर्ची कुणाची, हेही तिने शोधून पाहिलं, कारण चार महिने भुताच्या चित्रपटावर काम केलं की माणूस स्वतःच्या घरातही असले प्रश्न विचारायला लागतो. लहानपणी घरात माणसं चार, आणि जेवायला सगळे खालीच बसायचे. नवऱ्याच्या घरी दोन खुर्च्या. या घरात एक, आणि पाहुण्यांसाठी एक घडीची. कुणी गेलेलं, कुणी राहून गेलेलं, ज्याला मनाने तिथे बसवून घेतलं असेल असं कुणीही नव्हतं. कुणी असतं तर निदान त्याचं नाव घेऊन रडता आलं असतं. ती खुर्ची कुणाचीच नव्हती, आणि भीती त्याचीच वाटत होती.

आईचंही असंच झालं होतं का, हा विचार तिने इतका वेळ दाराबाहेर उभा ठेवला होता. आई शिवणकाम करायची. गल्लीतल्या प्रत्येकाचं माप तिला तोंडपाठ, वहीत लिहायची नाही. ज्यांना डोळे नसतात ते लिहितात, म्हणायची, आणि तिचीच थोरली लेक पुढे वही घेऊन पोट भरायला लागली तेव्हा आईने नाक मुरडलं होतं. मग एकदा शेजारच्या मास्तरांचा कोट शिवला, आणि बाह्या चार बोटं लांब झाल्या. मास्तर हसले. आई म्हणाली, बाह्या बरोबर आहेत, तुमचेच हात आखडलेत. सगळी गल्ली महिनाभर मास्तरांना हाताचा व्यायाम सांगत होती. त्या बाह्या मास्तरांच्या थोरल्या भावाच्या मापाच्या होत्या, ज्याला तेव्हा वारून सहा वर्षं झाली होती, हे नंतर धाकट्या बहिणीच्या लक्षात आलं. धाकटीच्याच ते लक्षात येणं शक्य होतं, कारण आईजवळ तीच राहिली. सात वर्षं. शेवटची दोन वर्षं आई तिला विचारायची, तुम्ही कोणाकडे आलात.

तिने धाकटीला फोन लावला. आधी भाच्याची परीक्षा झाली, पाण्याची टाकी झाली, मग तिने सहज विचारल्यासारखं विचारलं की आईचं पहिल्यांदा कधी लक्षात आलं तुझ्या.

"का गं?"

"असंच. सिनेमात आहे तसलं काहीतरी."

"विसरायला लागली तेव्हा तर काय, शेजारच्या मांजरालाही कळलं असतं," धाकटी म्हणाली. "त्याच्या आधी ती चुकीचं आठवायला लागली होती ना, ताई, तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण ती इतकी ठाम बोलायची की मला वाटायचं मलाच वेड लागलंय. आणि तिला सांगणार कोण? सगळे हो ला हो करायचे. मीसुद्धा. ते मला अजून खातं." मग ती म्हणाली की तू तेव्हा कुठल्याशा पिक्चरला होतीस. त्यात टोमणा नव्हता, नुसती तारीख सांगावी तसं ते होतं, आणि म्हणूनच ते फार लागलं. ठेवता ठेवता धाकटीने विचारलं, तू बरी आहेस ना? मला काय धाड भरलीये, ती म्हणाली.

गावी जायच्या आधीचे पाच दिवस तिने कसे काढले हे तिला नीट सांगता आलं नसतं, आणि ते सांगता येत नाही याचीही मग तिला भीती वाटायला लागली. एकदा आत शिरलेली शंका कशालाही जळमटासारखी चिकटते. किल्ली सापडली नाही की आईच आठवे, आणि सापडली की आई अधिकच आठवे. डॉक्टरकडे जाऊन यावं हे तिला कळत होतं, पण डॉक्टर काय विचारणार हे माहीत होतं: आजचा वार, महिना, शंभरातून सात वजा. ते सगळं तिने स्वतःला विचारून पाहिलं होतं आणि सगळं अचूक आलं होतं. त्यांच्या प्रश्नांत तिची खुर्ची कुठेच बसत नव्हती. एक मात्र तिने ठरवलं. दिग्दर्शकाला सांगायचं. सांगितलं की काम जाणार हे उघड होतं. विसरभोळ्या माणसाला या धंद्यात दहा जागा आहेत, तिची सोडून. पण न सांगता ते एकशे दहा प्रसंग अंगावर घ्यायचे, आणि ठाम स्वरात कुणाकुणाचे घात करायचे, हे तिच्याने झालं नसतं. आणि खरं खरं सांगायचं तर कामाहूनही तिला दुसरंच काही हवं होतं. कुणीतरी तोंडावर सांगायला हवं होतं की बाई, तुझं चुकतंय. आईला कुणी सांगितलं नव्हतं.

गावात उतरल्या उतरल्या दिग्दर्शकाने सगळ्या युनिटसमोर तिचं कौतुक केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, वेशभूषावाली बाई तिच्या गळ्यातच पडली. धरणाचं पाणी मागच्या वेळेपेक्षा खाली गेलं होतं आणि काठाला मातीचा पट्टा उघडा पडला होता. ते तिने पाहिलं, कॅमेरामनला सांगितलं की समोरच्या खिडकीतून दिसेल, तो कोन टाळा, आणि कॅमेरामनने खरंच कॅमेरा हलवला. तेवढ्याने तिला इतकं बरं वाटलं की लाज वाटली. पहिला दिवस पार पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजच्या व्हरांड्यातला मालकिणीचा प्रसंग झाला. प्रत्येक वस्तूपाशी ती तीनतीनदा जाऊन आली. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणतात, ती पाणीसुद्धा फुंकत होती.

दुपारी जेवणाच्या खोलीत सेटिंगवाला टेबल पुसत होता. पन्नाशीचा, जाड मिशांचा, कमी बोलणारा माणूस. खुर्च्या-टेबलं आणायची, मांडायची, हे त्याचं काम, आणि तीन चित्रपट त्याने तिच्याबरोबर केले होते. खोलीत दोघंच होती. तिने त्याला विचारलं की नऊ दिवसांनी पुन्हा मांडल्यास तेव्हा तू किती खुर्च्या आणल्या होत्यास. तो टेबल पुसत राहिला.

"चार," तो म्हणाला. "तुम्ही म्हणालात, एक राहिली."

"आणि तू?"

"मी म्हटलं चारच होत्या. मग तुम्ही वही दाखवलीत." त्याने फडकं खांद्यावर टाकलं. "वहीत चारच लिहिलं होतं, ताई. चाराच्या आकड्यावर तुमचं बोट होतं आणि तोंडाने तुम्ही म्हणत होतात, हे बघ, पाच."

यातलं काहीही तिला आठवत नव्हतं. तिने त्याला विचारलं की मग बोलला का नाहीस. तो जरा ओशाळला. वाटलं, त्यात काहीतरी असेल, म्हणाला. तुम्ही म्हणताय म्हणजे काहीतरी असणार. आणि आता बघा, होतंच की. तो मनापासून म्हणत होता. बाहेर कुणीतरी त्याला हाक मारली. तो गेल्यावर ती त्या खोलीत उभी राहिली, आणि आपलं बोट चारवर टेकलेलं आहे आणि तोंड पाच म्हणतंय हे चित्र तिने डोळ्यांपुढे आणून पाहिलं. ते आलं नाही. स्वतःच्या हयातीतला एक तुकडा कुणीतरी तिच्याशिवायच काढून ठेवला होता.

दिग्दर्शक व्हरांड्याच्या कठड्यावर बसून सकाळचे फोटो बघत होता. जेवण उरकलं होतं, माणसं सावली धरून पांगली होती. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं, एका दमात, आडपडदा न ठेवता: खुर्ची, वही, बोट, आणि आईसुद्धा. तो ऐकताना आधी हसत होता, मग हसायचं थांबून पुन्हा हसला. म्हणाला, तुम्ही दमलायत. म्हणाला, तुम्ही आणि चूक, ताई, लोक मला वेड्यात काढतील. मोठी माणसं अशीच असतात, श्रेय द्यायला गेलं की अंग चोरतात, असंही म्हणाला. तिला वाटलं, भिंतीला सांगितलं असतं तर निदान ती हसली नसती.

"मला विचारा काहीतरी," ती म्हणाली. "आजचंच विचारा. फोटो आहेत ना तुमच्या हातात."

"अहो, कशाला?"

"विचारा."

तिच्या स्वरात काहीतरी असावं, कारण त्याने फोनकडे पाहिलं, बोटाने दोन-तीन फोटो सरकवले आणि चेष्टेवारी न्यावं तसं विचारलं, "बरं, सांगा. सकाळी मालकिणीची शाल कोणत्या खांद्यावर होती?"

तिला शोधावंही लागलं नाही. मालकीण तिच्यासमोर उभी होती, मागे धरणाचं पाणी, शालीच्या काठाचा एक दोरा सुटून वाऱ्यावर हलत होता, आणि तो दोरा आत खोचायला सांगू की नको असं तिच्या मनात येऊन गेलं होतं, तेसुद्धा आठवत होतं. "डाव्या," ती म्हणाली. "आणि काठाचा एक दोरा सुटला होता."

तो फोनकडे बघत होता. एकतीस वर्षं तिने चेहरे बघण्यात घालवली होती. एका शॉटच्या शेवटी हसू ओठाच्या कोणत्या कोपऱ्यात होतं आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला ते कुठे ठेवायचं, हे तिच्याइतकं कुणाला कळत नसे. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हललं नाही. नुसतं त्याच्यामागचं माणूस तिथून उठून गेलं. त्याने वर पाहिलं, फोन विझवला आणि खिशात टाकला. तिला तो फोटो दाखवावा असं त्याला वाटलं नाही, आणि दाखव म्हणावं असं तिलाही वाटलं नाही.

"बरोबर," तो म्हणाला. मग पुन्हा, थोडं मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करत, "अगदी बरोबर, ताई."

तिला त्याला सांगावंसं वाटलं की बाबा रे, एवढं तरी करू नकोस. पण तो इतका घाबरला होता, आणि इतका चांगला मुलगा होता, की तिनेच मान हलवली. अंगणातून कुणीतरी शॉट तयार असल्याचं सांगितलं. तो कठड्यावरून उतरला, तिच्या शेजारी आला आणि त्याने तिचं कोपर हलकेच धरलं. इतक्या महिन्यांत त्याने तिला असं कधी धरलं नव्हतं. व्हरांड्यातून खाली अंगणात उतरायला एकच पायरी होती. सकाळपासून वही घेऊन ती तिथून पंधरा-वीस वेळा चढली-उतरली होती.

"पायरी आहे हं, ताई," तो म्हणाला.

तिने खाली पाहिलं आणि त्याच्या हाताच्या आधाराने ती पायरी उतरली.